हंगाम संपल्यानंतर

रायपूरच्या बुढापारा भागात सरदार बलबीरसिंग जुनेजा इनडोअर स्टेडियम आहे. तिथे खेळांच्या स्पर्धा भरतात, कधी सभा-समारंभ होतात. २०२० साली कोरोनाची साथ आली तेव्हा याच स्टेडियममध्ये रुग्णांसाठी खाटा मांडल्या गेल्या. छताखालच्या मैदानाचे असेच असते. आज एक जण येतो, दिवे लागतात, गर्दी होते. उद्या तो जातो आणि दुसरा येतो. इमारत तिथेच राहते. प्रश्न असतो तो त्या दिव्यांच्या भरवशावर आयुष्य बेतणाऱ्यांचा.

नागपूरच्या पूर्वेला जेमतेम तीनशे किलोमीटरवर असलेल्या या शहरात मराठी माणूस नवा नाही. भोसल्यांच्या काळापासून तो छत्तीसगडात आहे. पुढे रेल्वे, शाळा, सरकारी कचेऱ्या आणि शेजारच्या भिलाईचा पोलाद कारखाना यांनी कितीतरी मराठी घरे इथे वसवली. तात्यापारा किंवा चौबे कॉलनीतल्या अशाच एखाद्या नोकरदार घरात बारावीची परीक्षा दिलेला मुलगा रात्री जेवताना म्हणतो, ''बाबा, मला कबड्डीच्या लीगमध्ये जायचंय. तीन महिन्यांचे नऊ लाख मिळतात.''

बाबांचा घास हातातच राहतो. ''आणि उरलेले नऊ महिने?''

आई विचारते, ''कॉलेजचं काय?'' आजी म्हणते, ''अरे, हातपाय मोडला तर कोण बघणार?''

मुलाला वाटते, घरात कुणाला खेळातले काही कळत नाही. मोठ्यांना वाटते, मुलाला जगातले काही कळत नाही. खरे म्हणजे दोघांचेही बरोबर असते. आज हा संवाद अनेक घरांत होतो आणि बहुतेक ठिकाणी तो रुसव्याफुगव्यातच संपतो. पण तो आपल्याकडेच पहिल्यांदा होतो आहे असे नाही. अमेरिकेतल्या कितीतरी कुटुंबांनी तो तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच केला आहे, तोही छताखाली खेळल्या जाणाऱ्या अशाच एका धसमुसळ्या खेळाच्या लीगवरून. त्या लीगचे पुढे काय झाले हे पाहण्यासारखे आहे.

पाकिटावर काढलेले मैदान

अमेरिकेत ज्याला 'फुटबॉल' म्हणतात त्यात पायापेक्षा हाताचे काम जास्त. नारळासारखा दोन्ही टोकांना निमुळता चेंडू बगलेत मारून धावायचे, नाहीतर साथीदाराकडे लांब फेकायचा आणि प्रतिस्पर्ध्याने अंगावर झेप घेऊन आडवे पाडण्याआधी पुढे सरकायचे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे गेले पाहिजे, नाहीतर चेंडू दुसऱ्याकडे जातो. पकडायचे, निसटायचे, पाडायचे, हे सारे कबड्डी पाहणाऱ्याला परके वाटू नये. मात्र या खेळाला शंभर यार्डांचे मोकळे मैदान लागते आणि एका बाजूला अकरा खेळाडू असतात.

१९८१ साली जिम फॉस्टर नावाचे गृहस्थ न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये छताखालचा सॉकरचा सामना पाहत होते. सॉकर जर आत आणता येतो तर आपला फुटबॉल का नाही, असे त्यांच्या मनात आले. हाताशी एक पाकीट होते. त्यावरच त्यांनी नव्या मैदानाचा आराखडा काढला. पन्नास यार्ड लांब आणि ८५ फूट रुंद, म्हणजे बर्फावरच्या हॉकीचे मैदान असते तेवढ्या जागेत मावणारे. अकराऐवजी आठ खेळाडू. कडेला गाद्या लावलेल्या भिंती, म्हणजे खेळाडू आदळला तरी प्रेक्षकांच्या मांडीवर पडायला नको. गोलच्या खांबांच्या दोन्ही बाजूंना उंच जाळी. तिच्यावर आपटून चेंडू परत आला तरी खेळ थांबायचा नाही. जागा लहान म्हणून गुण भराभर होतात. पहिली वीस वर्षे तर बहुतेक खेळाडूंना चढाई आणि बचाव दोन्ही करावे लागत, विसाव्याला जागाच नसे.

१९८७ साली चार संघांनिशी 'अरीना फुटबॉल लीग' सुरू झाली. तिचा हंगाम मुद्दाम उन्हाळ्याकडे ठेवला होता, कारण मोठ्या फुटबॉलचा हंगाम पानगळीपासून थंडीपर्यंत चालतो. मोठ्या लीगमध्ये ज्यांना जागा मिळाली नाही त्यांच्यासाठी हा आडवाटेचा दरवाजा होता.

दुकानातल्या फळीपासून

त्या दरवाज्यातून आत गेलेल्या एका माणसाची गोष्ट आजही सांगितली जाते. कर्ट वॉर्नर १९९४ साली आयोवा राज्यातल्या विद्यापीठातून बाहेर पडला, तेव्हा मोठ्या लीगच्या निवडीत कुणीही त्याचे नाव घेतले नाही. एका संघाच्या शिबिरात संधी मिळाली, तिथूनही त्याला घरी पाठवले. मग सीडर फॉल्स या गावी एका किराणा-भुसाराच्या मोठ्या दुकानात रात्रपाळीला फळ्यांवर माल लावण्याचे काम त्याने धरले. मजुरी तासाला साडेपाच डॉलर. तिथून १९९५ साली तो 'आयोवा बार्नस्टॉर्मर्स' या छताखालच्या संघात गेला. हा संघ उभा केला होता त्याच जिम फॉस्टरनी. वॉर्नर तीन हंगाम तिथे खेळला, संघाला दोनदा अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला आणि दोन्ही वेळा हरला.

पण त्या अरुंद जागेत, अंगावर माणसे धावून येत असताना क्षणात चेंडू फेकण्याची जी सवय लागली ती पुढे कामी आली. १९९९ साली सेंट लुईसच्या संघाचा मुख्य खेळाडू जखमी झाला आणि वॉर्नरला उभे करावे लागले. त्या हंगामात तो साऱ्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ३० जानेवारी २००० रोजी त्याच्या संघाने सुपर बोल २३-१६ असा जिंकला. २०१७ साली अमेरिकी फुटबॉलच्या सन्मान-दालनात त्याचे नाव गेले. २०२१ साली त्याच्यावर चित्रपटही निघाला.

मुले अशा गोष्टी सांगून घरच्यांना पटवतात. गोष्ट खरीच आहे. फक्त ती एकाची आहे. त्याच्याबरोबर त्याच गाद्यांच्या भिंतींवर आदळलेले शेकडो जण होते, त्यांच्यावर कुणी चित्रपट काढला नाही. त्यांची गोष्ट त्यांच्या लीगच्या जमाखर्चात सापडते.

दिवे मालवतात तेव्हा

वरवर पाहता या लीगचे चांगले चालले होते. २००३ पासून काही वर्षे तिचे सामने अमेरिकेच्या मोठ्या दूरचित्रवाहिनीवर दिसत होते. गायक जॉन बॉन जोव्हीसारखे नामवंत संघांचे भागीदार झाले होते. २००८ च्या उन्हाळ्यात अंतिम सामना ५९-५६ असा अटीतटीचा झाला. आणि त्याच डिसेंबरात, देशावर मंदीचे ढग असताना, २००९ चा हंगाम होणार नाही असे जाहीर झाले. पुढच्या ऑगस्टमध्ये लीगने दिवाळे काढले. खेळाडू चांगला की वाईट, जिंकलेला की हरलेला, याचा त्यात काही संबंध नव्हता.

२०१० साली नव्या मालकांनी लीग पुन्हा उभी केली, पण मानधन फार उतरले. २०१२ साली सामन्यामागे ४०० डॉलर मिळत. अठरा सामन्यांचे ७,२०० डॉलर. अमेरिकेत तेवढ्यात वर्षाचे घरभाडेही सुटणे कठीण. म्हणून खेळाडूंनी संप पुकारला. हंगामाच्या पहिल्याच सामन्यासाठी ऑर्लँडोला आलेल्या पिट्सबर्गच्या संघाला मालकाने सामन्याआधीच्या जेवणाच्या वेळीच कामावरून काढल्याचे सांगितले. बदली माणसे गोळा करून सामना मात्र झाला. प्रेक्षकांनी तिकिटे काढलेली होती.

२०१८ पर्यंत लीगमध्ये जेमतेम चार संघ उरले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शेवटचा अंतिम सामना झाला आणि नोव्हेंबरात दुसऱ्यांदा दिवाळे निघाले. २०२४ साली तिसऱ्याच मंडळींनी तेच नाव घेऊन सोळा संघ जाहीर केले. काही आठवड्यांतच सामने रद्द होऊ लागले, पगार थकले आणि संघ एकेक करून बंद पडले. लांब गावांहून आलेल्या तरुणांना परतीच्या प्रवासाची चिंता पडली.

यात कुणा एकाला खलनायक ठरवून भागत नाही. लीग हा धंदा आहे. स्टेडियमचे भाडे, प्रवास, हॉटेल, विमा आणि जाहिरात यांचा खर्च आधी होतो, तिकिटे आणि दूरचित्रवाणीचे पैसे मागून येतात. ते आले नाहीत तर मालक आपले पैसे दुसरीकडे गुंतवू शकतो. खेळाडूजवळ गुंतवायला असतात ती विशी ते तिशीची दहा वर्षे, आणि ती परत मिळत नाहीत.

विजेता संघ पुण्याचा

हे सारे लांबचे वाटत असेल, तर थोडे जवळ यावे. २०११ साली अमेरिकी गुंतवणूकदारांनी 'एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया' जाहीर केली. मोठे मैदान, अकरा खेळाडू, अस्सल अमेरिकी फुटबॉल. पैसे घालणाऱ्यांत तिथले नामवंत खेळाडू आणि प्रशिक्षक होते. दुकानात फळ्या लावणारा तोच कर्ट वॉर्नरही त्यांत होता. संघांची नावे होती पुणे मराठाज, मुंबई ग्लॅडिएटर्स, दिल्ली डिफेंडर्स, कोलंबो लायन्स. खेळाडू बहुतेक रग्बीसारख्या दुसऱ्या खेळांतून आलेले. चेंडू कसा धरायचा इथपासून त्यांना शिकावे लागले.

२०१२ साली पहिला हंगाम झाला तो श्रीलंकेत, कोलंबोला. सामने आधी खेळून चित्रित केले गेले आणि नंतर वाहिनीवर दाखवले गेले. पुणे मराठाजने अंतिम सामन्यात दिल्लीला ६-० ने हरवले आणि विजेतेपद मिळवले. मराठ्यांचे नाव लावलेला संघ अमेरिकी फुटबॉलचा विजेता ठरला, पण पुण्याच्या पेठांत त्याची मिरवणूक निघाली नाही. निघणार तरी कशी? सामना पुण्यात झाला नव्हता आणि गल्लीत तो खेळ कुणी खेळत नव्हते. तसा दुसरा हंगाम पुढे उभा राहिला नाही. मुलांनी घाम गाळला होता, हाडे झिजवली होती, पण त्या खेळाला इथे शाळा नव्हती, तालीम नव्हती, जिल्हा स्पर्धा नव्हती आणि त्याच्या जोरावर मिळणारी नोकरीही नव्हती. लीग थांबली तेव्हा पाय टेकायला खाली जमीन नव्हती.

कबड्डीखालची जमीन

रायपूरच्या मुलाला ज्या लीगची ओढ लागली आहे तिचे तसे नाही, आणि हा फरक घरच्यांनीही समजून घ्यायला हवा. हुतूतू आपल्या अंगणातला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने या खेळाचे प्रदर्शन केले होते. १९९० पासून तो आशियाई स्पर्धांत आहे. २६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना मुंबईत झाला, त्याआधी कित्येक दशके मंडळे, व्यायामशाळा, रेल्वे, पोलीस आणि बँका यांनी हा खेळ जगवला होता. लीगने त्यावर मॅट घातली, दिवे लावले आणि तो घराघरांत नेला.

पैसाही आणला, हे नाकारण्यात अर्थ नाही. २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वांत महागडा खेळाडू होता रेल्वेचा राकेश कुमार, किंमत १२ लाख ८० हजार रुपये. २०१८ साली मोनू गोयतवर एक कोटी ५१ लाखांची बोली लागली. २०२३ साली पवन सेहरावत दोन कोटी ६० लाखांवर गेला. २०२४ च्या लिलावात सर्वांत खालच्या गटाची पायाभूत किंमतसुद्धा नऊ लाख होती. म्हणजे जेवणाच्या पाटावर मुलाने सांगितलेला आकडा हवेतला नव्हता. फक्त लिलावात नाव असणे वेगळे आणि बोली लागणे वेगळे, एवढे त्याने सांगितले नव्हते. आणखी एक गोष्ट म्हणजे २०२५ च्या हंगामातल्या बारा संघांत छत्तीसगडचा एकही संघ नव्हता. रायपूरच्या मुलाला घर सोडूनच जावे लागणार.

आजीच्या प्रश्नाचेही उत्तर याच लीगमध्ये आहे. २०२२ साली तमिळ थलैवाजने पवन सेहरावतला दोन कोटी २६ लाखांना घेतले. पहिल्याच सामन्यात, पहिल्या काही मिनिटांत त्याचा गुडघा दुखावला आणि त्याचा सारा हंगाम गेला. तो उभा राहिला. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत त्याच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदकही मिळवले. पण तो नावाजलेला होता आणि त्याच्यामागे रेल्वे होती. यू मुंबाला २०१५ मध्ये विजेतेपद मिळवून देणारा अनुपकुमार हरियाणा पोलिसांत अधिकारी होता. म्हणजे लीगमध्ये चमकलेल्या मोठ्या नावांच्या पायाखाली पगाराची नोकरी होती. मुलाने आदर्श घ्यायचा तर पूर्ण घ्यावा, अर्धा नको.

मुलींचा हिशेब तर आणखी कठीण आहे. २०१६ साली प्रो कबड्डीबरोबर महिलांसाठी तीन संघांची छोटी स्पर्धा घेतली गेली. अंतिम सामना २४-२३ असा एका गुणाने सुटला. इतका रंगूनही ती स्पर्धा पुन्हा झाली नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात ढाक्याला भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, त्या संघात छत्तीसगडच्या कोरबा जिल्ह्यातली संजू देवी होती. राज्याने तिचे कौतुक केले ते योग्यच. पण तिच्यासारख्या मुलींसाठी पुरुषांच्या तोडीची लीग अजून उभी नाही. त्यांचा आधार आजही नोकरीच आहे. भारताच्या महिला संघात वर्षानुवर्षे रेल्वेच्या मुलींची संख्या मोठी राहिली ती उगाच नाही.

सहीपूर्वीचे प्रश्न

मग बाबांनी काय करावे? 'नाही' म्हणून ताट बाजूला सारावे का? तसे केल्याने मुलाचे खेळणे थांबत नाही, सांगणे थांबते. त्यापेक्षा करारनामा समोर आला की त्याच टेबलाशी बसून तो एकत्र वाचावा आणि मुलालाच चार प्रश्न विचारायला शिकवावे.

पैसे किती यापेक्षा पैसे केव्हा, हा पहिला प्रश्न. सही झाल्यावर काही हिस्सा मिळतो की सगळे हंगामानंतर? हंगाम रद्द झाला तर काय? दुसरा प्रश्न दुखापतीचा. शस्त्रक्रियेचा खर्च कोण करणार, आणि हंगाम संपल्यावर सहा महिने चालणाऱ्या उपचारांचा कोण? मैदानावर डॉक्टर असणे म्हणजे विमा असणे नव्हे. तिसरा प्रश्न, करार किती वर्षांचा आणि तेवढ्या काळात दुसरीकडे खेळायला किंवा नोकरीत रुजू व्हायला मोकळीक आहे की नाही? चौथा प्रश्न शिक्षणाचा. कॉलेजची परीक्षा हंगामात आली तर सुटी मिळेल का? भाषा अवघड असेल तर ओळखीच्या वकिलाला कागद दाखवायला संकोच नको. घराचे खरेदीखत आपण न वाचता सही करत नाही, इथे तर मुलाचे शरीर करारात असते.

छत्तीसगडातल्या मुलाला एक गोष्ट अनुकूल आहे. बिलासपूरला दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचे मुख्यालय आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्याला खेळाडू सांभाळण्याची जुनी परंपरा आहे. खेळाडूंच्या राखीव जागा हा वडिलांना कळणारा शब्द आहे आणि तो मुलालाही कळला पाहिजे. राष्ट्रीय स्पर्धांची प्रमाणपत्रे, पदवीची गुणपत्रिका आणि लीगचा करार यांना एकाच फाइलमध्ये जागा असू शकते. लीगचे पैसे आले तर नवी मोटारसायकल घेण्याआधी त्यातला मोठा भाग मुलाच्याच नावाने मुदत ठेवीत जावा, एवढी अट घालायला घरच्यांनी कचरू नये. खेळाडूची कमाई ही शेतातल्या पिकासारखी असते. एका हंगामात आलेले धान्य वर्षभर पुरवायचे असते आणि बियाणेही राखायचे असते.

मुलांनीही आपल्या बाजूने एक समजून घ्यावे. बाबांचा प्रश्न खेळाविरुद्ध नसतो. त्यांनी कारखान्यातली पाळी, बदली आणि संप पाहिलेले असतात. धंदा बसला की आधी कुणाचे जाते हे त्यांना अनुभवाने माहीत असते. लीग नवी असेल, पण हे दुखणे जुनेच आहे.

डिसेंबर २०१५ मध्ये रायपूरने मोठ्या स्पर्धेचा आनंद भरभरून घेतला आहे. हॉकीच्या जागतिक लीगची अंतिम फेरी इथल्या सरदार वल्लभभाई पटेल स्टेडियमवर झाली आणि भारताने हॉलंडला शूटआउटमध्ये हरवून कांस्यपदक मिळवले. गच्च भरलेल्या स्टेडियममधला तो जल्लोष शहर विसरलेले नाही. दहा दिवसांत स्पर्धा संपली, संघ विमानाने परत गेले, फलक उतरले. मागे राहिले ते हिरवे टर्फ, आणि सकाळी त्यावर सरावाला येणारी मुले.

रात्रीच्या त्या जेवणाच्या वेळीही शेवटी एवढेच ठरायचे असते. मुलाने लीगमध्ये जरूर जावे, जीव तोडून खेळावे. घरच्यांनी त्याचा सामना बघायला वेळेवर दूरचित्रवाणी लावावी. मात्र तो परत येईल तेव्हा त्याची पदवीची पुस्तके, नोकरीचा अर्ज आणि बँकेचे पासबुक जिथल्या तिथे असावे. आजीने विचारले, ''आता पुढे काय रे?'' तर त्याच्याजवळ उत्तर असावे.